जुनी फटफटी सांभाळावी कशी?

मोटारसायकलीला आपल्याकडे फटफटी म्हणतात. हे नाव तिच्या आवाजावरून पडले. लांबून फट् फट् असा आवाज आला, की पोरं रस्त्यावर धावायची. मोठी माणसंही वळून बघायची. कारण त्या काळी फटफटी असायची ती फौजदाराकडे, डॉक्टराकडे, नाही तर एखाद्या बड्या बागायतदाराकडे.

आता दिवस बदलले. घरोघरी मोटारसायकल आली. पण जुन्या घडणीच्या फटफट्या काही संपल्या नाहीत. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही मुंबईची उपनगरे. तिथे रविवारी सकाळी मोठ्या रस्त्याला उभे राहावे. एखादी जुनी बुलेट, एखादी जावा, एखादी राजदूत हमखास दिसते. कोणी वडिलांची आठवण म्हणून ठेवतो, कोणी हौसेने विकत घेतो.

खेड्यातही पाहा. किती घरांत गोठ्याच्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली, वडिलांची फटफटी उभी असते! तिच्यावर कोंबड्या बसतात. मग एक दिवस भंगारवाला येतो आणि वजनावर भाव सांगतो. द्यावी की ठेवावी? ठेवली तर दुरुस्त कशी करावी? मुलगा मुंबईहून जुनी गाडी घेऊन आला, तर तिच्यात काय पाहावे? हे सारे आम्ही इथे सांगणार आहोत. आम्ही काही मिस्त्री नव्हे. आम्ही मास्तर. पण मिस्त्र्यांच्या शेजारी पाटावर बसून जे पाहिले आणि पुस्तकांत जे वाचले, ते सोपे करून सांगतो.

१. या गाड्या आल्या कुठून?

बुलेट ही मूळची इंग्लंडची. रॉयल एनफील्ड नावाची कंपनी ती बनवी. आपल्या लष्कराला सरहद्दीवर गस्त घालायला दणकट गाडी हवी होती. म्हणून सरकारने या गाड्या मागवल्या. पुढे १९५५ साली मद्रासला एनफील्ड इंडिया ही कंपनी निघाली. मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे कारखाना उभा राहिला. आधी सुटे भाग इंग्लंडहून येत आणि इथे जोडले जात. मग सगळे भाग इथेच होऊ लागले. गंमत पाहा. १९७० च्या सुमारास इंग्लंडातली मूळ कंपनी बंद पडली, पण आपल्याकडची बुलेट चालूच राहिली.

जावा ही चेकोस्लोव्हाकिया देशाची. म्हैसूरच्या कारखान्यात ती १९६० नंतर तयार होऊ लागली. पुढे तिथल्याच गाडीला येझदी हे नाव मिळाले. तो कारखाना १९९६ साली बंद झाला. राजदूत ही एस्कॉर्ट्स कंपनीची. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना अडकवून गावोगाव फिरणारी ती हीच. आणि मुलुंड-घाटकोपरच्या मधोमध जे भांडुप आहे, तिथे लॅम्ब्रेटा स्कूटरचा कारखाना होता. म्हणजे दुचाकीचे हे काम उपनगराच्या हाताला नवे नाही.

२. इंजिन चालते कसे?

निगा राखायची तर आधी काम समजले पाहिजे. इंजिनात एक जाड नळकांडे असते. त्यात एक दट्ट्या खाली-वर होतो. त्याला पिस्टन म्हणतात. बुलेटचे इंजिन चार कामे करते.

पहिले काम, पिस्टन खाली जातो आणि पेट्रोलची वाफ व हवा आत ओढतो. दुसरे, पिस्टन वर येतो आणि ती वाफ दाबतो. तिसरे, वरून प्लग ठिणगी टाकतो. भडका उडतो आणि पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. चौथे, पिस्टन पुन्हा वर येतो आणि धूर बाहेर घालवतो. ओढणे, दाबणे, पेटणे, फेकणे. एवढे चार शब्द पाठ करा. गाडी बंद पडली, की यांतले कोणते काम अडले ते शोधायचे. बाकी सारी मिस्त्रीगिरी त्यातूनच निघते.

जावा, येझदी आणि राजदूत यांचे इंजिन हेच काम दोन फेऱ्यांत उरकते. त्यांच्यात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. तेल विसरले, तर पिस्टन नळकांड्यात चिकटून बसतो. किती तेल घालायचे, ते गाडीच्या पुस्तकात असते. समजा, पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल सांगितले आहे. मग ५ लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर तेल. हा हिशेब आता तुम्हांला येतो. पंपावरच्या पोरावर सोडू नका.

३. रोजची आणि महिन्याची निगा

गुराला वेळेवर चारा-पाणी लागते. गाडीचेही तसेच आहे.

तेल : जुन्या बुलेटला तीन ठिकाणी वंगण लागते. इंजिनात, गिअरच्या पेटीत आणि इंजिनाच्या डाव्या बाजूला असलेल्या साखळीच्या पेटीत. पुष्कळ लोक इंजिनाचे तेल बघतात आणि बाकीची दोन विसरतात. इंजिनाचे तेल दर दोन-तीन हजार किलोमीटरला बदलावे. काळे तेल स्वस्त पडत नाही, ते इंजिन खाते.

प्लग : प्लग काढा आणि त्याचे टोक वाचा. होय, प्लगही वाचता येतो! टोक विटकरी रंगाचे असेल, तर सारे ठीक. काजळीने काळे झाले असेल, तर पेट्रोल जास्त जाते आहे. पांढरे फटक झाले असेल, तर पेट्रोल कमी पडते आहे आणि इंजिन तापते आहे. काळे व तेलकट ओले असेल, तर वंगण वर चढते आहे, म्हणजे आतली झीज झाली.

पॉइंट : ठिणगी वेळेवर पडावी म्हणून जुन्या गाडीत दोन लहान टिकल्या असतात. त्या उघडतात आणि मिटतात. त्यांना पॉइंट म्हणतात. बुलेटमध्ये त्या पुऱ्या उघडल्यावर मधले अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावे. हे अंतर मोजायला पातळ पोलादी पात्यांचे माप मिळते. पात्यावर आकडा कोरलेला असतो. "डोळ्यांनी दिसतं की," असे म्हणणाऱ्यावर विसंबू नका. आकडा बघा.

टॅपेट : बुलेटचे टॅपेट इंजिन पूर्ण थंड असताना बघतात. आतली उभी काडी बोटांनी फिरली पाहिजे, पण वर-खाली खेळता कामा नये. टक् टक् असा आवाज येत असेल, तर ढिले आहे. फारच घट्ट असेल, तर झडप मिटत नाही आणि जळून जाते.

साखळी : मागची साखळी मधोमध बोटाने वर-खाली करून बघा. सुमारे एक इंच खेळली पाहिजे. चाक फिरवून जिथे ती सर्वांत घट्ट लागते, तिथे मोजा. ताणताना दोन्ही बाजूंचे नट सारखेच फिरवा, नाही तर चाक तिरके बसते.

ब्रेक : जुन्या गाडीचे ब्रेक डब्याच्या आत असतात. आतले पट्टे झिजले, की दांडी लांब जाते. ती वेळीच आवळा. आवळायला जागा उरली नाही, तर पट्टे बदला. इथे पैसे वाचवू नका.

पेट्रोल : आता पंपावर जे पेट्रोल मिळते, त्यात शंभरात वीस भाग इथेनॉल असते. ते उसापासून व धान्यापासून करतात. जुन्या गाड्यांचे रबर या पेट्रोलसाठी केलेले नव्हते. नळी फुगते, वायसर कुजतो. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि टाकी आतून गंजते. म्हणून पेट्रोलची नळी तपासत राहा. गाडी उभी केली, की पेट्रोलचा नळ बंद करा. महिनोन् महिने पेट्रोल भरून गाडी उभी ठेवू नका.

वर्सोवा, मढ, गोराई, मनोरी अशा खाडीकाठच्या गावांत खारा वारा असतो. तिथे लोखंड लवकर गंजते. दर आठवड्याला गाडी गोड्या पाण्याने धुवावी, कोरडी पुसावी, आणि उघड्या लोखंडावर तेलाचा हात फिरवावा.

या सर्वांसाठी एक वही करा. तारीख, किती किलोमीटर झाले, काय काम केले, किती रुपये लागले. चार रकाने पुरेत. सहा महिन्यांनी ती वही मिस्त्रीपेक्षा जास्त बोलते.

४. किक मारावी कशी?

बुलेटची किक म्हणजे नुसत्या ताकदीचे काम नव्हे. चुकीच्या वेळी लाथ मारली, तर किक उलटी येते आणि पाय मोडतो. चपलेवर किक कधी मारू नये. बूट हवा.

रीत अशी. पेट्रोलचा नळ उघडा. चावी फिरवा. किक हळूहळू खाली दाबा आणि दिव्यावरच्या घड्याळासारख्या काट्याकडे बघा. काटा मधोमध आला, की थांबा. म्हणजे पिस्टन वर आला. आता डाव्या हाताजवळची लहान दांडी दाबा. ती इंजिनातला दाब सोडते. ती दाबून किक अगदी थोडी पुढे सरकवा. दांडी सोडा. किक पुन्हा वर येऊ द्या. मग एका दमात, शेवटपर्यंत खाली. रीत जमली, की सडपातळ माणूसही बुलेट चालू करतो. न जमली, तर पहिलवान घामाघूम होतो.

५. पावसाळा

तहान लागल्यावर विहीर खणू नये. मुंबईचा पाऊस जूनमध्ये येतो. गाडीची कामे मे महिन्यात उरकावी. टायरची नक्षी बघा, ती झिजून गुळगुळीत झाली असेल तर टायर बदला. टायरच्या बाजूवर चार आकडे एका चौकटीत असतात. समजा २३१९ लिहिले आहे. म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो टायर झाला. नक्षी चांगली दिसली, तरी फार जुने रबर टणक होते आणि ओल्या रस्त्यावर घसरते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. म्हणजे जवळजवळ कमरेएवढे पाणी आभाळातून पडले. उपनगरांत कितीतरी माणसे दगावली आणि हजारो गाड्या बुडाल्या. अंधेरीचा भुयारी रस्ता तर आजही जोराच्या पावसात पाण्याखाली जातो. अशा पाण्यात गाडी घालू नये. खाली खड्डा आहे की उघडे गटार, ते वरून दिसत नाही. दहा मिनिटे थांबल्याने कोणाचा पगार बुडत नाही, पण जीव गेला तर तो परत येत नाही.

गाडी पाण्यात बुडालीच, तर किक मारू नका. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. इंजिनात पाणी असताना किक मारली, तर आतली दांडी वाकते. आधी प्लग काढा. मग किक हळू फिरवा, म्हणजे पाणी बाहेर येईल. तेल काढून बघा. ते दुधाच्या चहासारखे झाले असेल, तर त्यात पाणी मिसळले आहे. ते सारे टाकून नवे तेल भरा. पॉइंट कोरड्या फडक्याने पुसा.

थोड्या पाण्यातून गेल्यावर ब्रेकच्या डब्यात पाणी शिरते आणि ब्रेक लागत नाही. पुढे गेल्यावर सावकाश चालवत ब्रेक हलका दाबून धरा. उष्णतेने पट्टे वाळतात. मगच वेग घ्या.

६. बदल करावे की नाही?

जुनी गाडी घेतली, की पोरांना ती सजवावीशी वाटते. हौसेला मोल नाही, हे खरे. पण काही बदल उपयोगाचे असतात, काही घातक.

उपयोगाचे बदल असे. जुन्या गाडीत सहा व्होल्टची वीज असते, दिवा मिणमिणता लागतो. जाणत्या विजेच्या मिस्त्रीकडून बारा व्होल्टची जोडणी करून घेता येते. पॉइंटच्या जागी विजेवर चालणारी नवी रचना बसते, मग अंतर सारखे मोजावे लागत नाही. दोन्ही बाजूंना आरसे लावावेत. मागचा तांबडा दिवा ठळक करावा.

घातक बदल कोणते? पहिला, सायलेन्सर काढणे किंवा मोठ्या आवाजाचा लावणे. त्याने गाडी जोरात पळत नाही, नुसती ओरडते. चाळीत आजारी माणूस असतो, तान्हे मूल असते. पोलीस दंड करतात, आणि अनेक शहरांत त्यांनी असे सायलेन्सर काढून रोडरोलरखाली चिरडले आहेत.

दुसरा, चासी कापणे किंवा दुसरेच इंजिन बसवणे. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या ५२ व्या कलमात सांगितले आहे, की कंपनीने दिलेली आणि पुस्तकात नोंदलेली घडण मालकाने आपल्या मनाने बदलू नये. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली हेच सांगितले. इंजिन बदलणे भागच असेल, तर आधी आर.टी.ओ. ची परवानगी घ्या.

तिसरा बदल अगदी लहान दिसतो, पण तोच सर्वांत वाईट. मागच्या चाकावर एक जाळी असते. तिला साडीगार्ड म्हणतात. गाडी झोकदार दिसावी म्हणून पोरं ती काढून टाकतात. मग मागे आई बसते, बायको बसते, बहीण बसते. पदर किंवा ओढणी चाकाच्या तारांत जाते. गळ्याला फास बसतो, नाही तर बाई रस्त्यावर फेकली जाते. मागचे चाक निम्मे तरी झाकलेले असावे आणि मागच्याला धरायला दांडी असावी, असा नियमच आहे. गाडी थोडी कमी देखणी दिसली तर चालेल. साडीगार्ड काढू नका. कोणी काढले असेल, तर आजच बसवून घ्या.

७. जुनी गाडी घेताना वाचा, मग पैसे द्या

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. नवा रंग पाहून भुलू नका. इथे तुमची अक्षरओळख कामी येते.

गाडीच्या नोंदणी पुस्तकात, म्हणजे आर.सी. मध्ये, चासी नंबर आणि इंजिन नंबर लिहिलेले असतात. तेच नंबर गाडीवर ठोकलेले असतात. चासीचा नंबर हँडलखालच्या जाड नळीवर सापडतो, इंजिनाचा नंबर इंजिनाच्या अंगावर. त्यावर पातळ कागद ठेवा आणि पेन्सिल आडवी घासा. अक्षरे कागदावर उमटतात. आता एकेक अक्षर पुस्तकाशी ताडून पाहा. एक आकडा जरी वेगळा असला, किंवा नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला दिसला, तर तिथून उठा. ती चोरीची गाडी असू शकते. पैसे जातील, गाडीही जाईल, आणि पोलीस ठाण्याच्या खेपा पदरी पडतील.

मग तारीख बघा. दुचाकीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांसाठी असते. पुढे दर ५ वर्षांनी गाडी तपासून ती वाढवून घ्यावी लागते. विमा आणि धुराचे प्रमाणपत्र चालू आहे का, तेही बघा. पंधरा वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर भरावा लागतो. तो राहिला असेल, तर तुमच्या माथी येईल.

नंबराच्या पाटीवरूनही काही कळते. एम.एच. ही अक्षरे १९८९ पासून आली. एम.एच. ०२ अंधेरीच्या कार्यालयाचे, एम.एच. ४७ बोरिवलीचे. मुलुंड-घाटकोपरकडचा कारभार एम.एच. ०३, वडाळ्याच्या कार्यालयातून चालतो.

व्यवहार झाला, की नुसत्या शब्दावर राहू नका. नमुना २९ आणि नमुना ३० या अर्जांवर दोघांच्या सह्या लागतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत कार्यालयाला कळवायचे असते. नाव बदलले नाही आणि पुढे अपघात झाला, तर जुन्या मालकाला नोटीस येते. म्हणून विकणाऱ्यानेही जागे राहावे.

पन्नास वर्षांहून जुनी, मूळ घडणीत राखलेली गाडी असेल, तर तिच्यासाठी २०२१ सालापासून वेगळा नियम आहे. तिला व्ही.ए. अक्षरांची खास पाटी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते.

८. रस्त्यावर

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. आजच्या गाड्यांत हे सारे उलट आहे. ज्याला नव्या गाडीची सवय, त्याचा पाय घाईत ब्रेक म्हणून गिअरवर पडतो. म्हणून आधी मोकळ्या मैदानात दोन-तीन दिवस सराव करा. पायाला नवा पाठ बसला, मगच रस्त्यावर या. घरात दोन्ही प्रकारच्या गाड्या असतील, तर निघताना एकदा जागच्या जागी ब्रेक दाबून पाहा.

जुने ब्रेक नव्यासारखे पटकन थांबवत नाहीत. पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा. पुढचा आणि मागचा, दोन्ही ब्रेक सोबत लावा. पश्चिम द्रुतगती महामार्गावर उजवीकडे शर्यत लावू नका. आरेच्या जंगलातून रात्री जाताना वेग कमीच ठेवा. तिथे वळणे आहेत, आणि बिबट्यांचा वावरही आहे.

शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, डोक्यावर हवे. हँडलला लटकवलेले हेल्मेट डोके वाचवत नाही. त्यावर आय.एस.आय. ची खूण वाचून घ्या आणि पट्टा बांधा. मुंबईत जून २०२२ पासून मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचे आहे. हेल्मेट नसेल तर दंड आहे, आणि लायसन तीन महिने रद्द होऊ शकते. पण दंडासाठी नव्हे, घरी वाट पाहणाऱ्यांसाठी ते घाला.

तर मंडळी, गोठ्यातली ती फटफटी भंगारात घालण्यापूर्वी एकदा गोणपाट बाजूला करा. किक फिरते का बघा. नंबर पुस्तकाशी जुळतो का बघा. दोन्ही गोष्टी जुळल्या, तर जाणत्या मिस्त्रीला दाखवा आणि खर्च कागदावर लिहून घ्या. खर्च झेपला तर दुरुस्त करा, न झेपला तर रीतसर विका. जे कराल ते वाचून करा.

प्रश्न

१. इंजिनाची चार कामे कोणती?
२. प्लगचे टोक काळे झाले, तर काय समजावे?
३. पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल, तर ३ लिटर पेट्रोलला किती तेल लागेल?
४. बुडालेल्या गाडीला लगेच किक का मारू नये?
५. साडीगार्ड कशासाठी असते? तुमच्या गल्लीत किती गाड्यांना ते नाही, ते मोजा आणि त्यांच्या मालकांना सांगा.